खिशातल्या चेंडूचा खरा खेळ

मुलांनो, आधी एक कोडं घालते. पाहा बरं सुटतंय का.

अंगावर पिवळी लव, पोटात नुसती हवा. गावोगावी सगळ्यांच्या ओळखीचा, पण त्याचा स्वतःचा खेळ मात्र फार थोड्यांना ठाऊक. सांगा, असा कोण?

बरोब्बर! टेनिसचा चेंडू. किराणा दुकानात गोळ्या-बिस्किटांच्या बरण्यांशेजारी तो असतो. जत्रेत असतो. तुमच्यापैकी निम्म्या जणांच्या दप्तरात तर आत्ताही असेल. गल्लीत, खळ्यावर, नदीच्या कोरड्या पात्रात, जागा मिळेल तिथं आपण त्यानं क्रिकेट खेळतो. टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांचे फलक गावोगावच्या वेशीवर लागतात. पण टेनिसच्या चेंडूनं टेनिस खेळताना तुम्ही तुमच्या गावात कुणाला पाहिलंय का? माझ्या वर्गातल्या एकाही मुलानं पाहिलं नव्हतं. एकानं तर विचारलं, "बाई, टेनिस म्हंजी चेंडूचं नाव ना?"

मी अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला आपण अहमदनगर जिल्हा म्हणत होतो तिथं, पाथर्डी तालुक्यातल्या एका छोट्या गावात प्राथमिक शिक्षिका आहे. चौथीपर्यंतची शाळा. दोन खोल्या, एक ओटा, समोर पटांगण आणि कडेला कडुनिंब. आज या पटांगणावर आम्ही टेनिस खेळतो. ते कसं खेळायचं, हे तुम्हाला सांगायचंय. आणि ज्या प्रश्नामुळे ते आमच्या शाळेत आलं, तो प्रश्नही सांगायचाय.

३० सप्टेंबर २०२३, शनिवारचा दिवस. चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई क्रीडा स्पर्धा चालू होत्या. त्या दिवशी टेनिसच्या मिश्र दुहेरीत, म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री अशा जोडीच्या खेळात, भारतानं सुवर्णपदक जिंकलं. जोडी होती रोहन बोपण्णा आणि ऋतुजा भोसले यांची. बोपण्णा तेव्हा ४३ वर्षांचे होते. ऋतुजाताई सत्तावीस वर्षांची. आणि तिचा जन्म कुठला माहीत आहे? आमच्याच जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा!

दोन दिवसांनी गांधीजयंती होती. मुलं शाळेत जमली होती. प्रतिमापूजन झालं, पटांगण झाडून झालं, मग मी ही बातमी वाचून दाखवली. श्रीरामपूर म्हटल्याबरोबर मागच्या रांगेतला एक मुलगा उठून उभा राहिला. "बाई, श्रीरामपूरला आमी कोपीवर व्हतो की!" कोपी म्हणजे उसतोडीला गेलेल्या माणसांची पाचटाची झोपडी. आमच्याकडची बरीच घरं दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांच्या भागात ऊस तोडायला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. त्यामुळे आमच्या मुलांना श्रीरामपूर, राहुरी, नेवासा ही नावं पुस्तकातून नव्हे, उसाच्या फडातून माहीत असतात.

तेवढ्यात चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, ती आपल्या जिल्ह्यातली आसली तरी खेळ काय आपला न्हाई. त्यो पैशेवाल्यांचा."

या वाक्याला लगेच काय उत्तर देणार? मी म्हटलं, "ज्यांच्या खिशात चेंडू असेल त्यांनी बाहेर काढा." तीन निघाले. "हे कुणाचे?" "आमचे!" "मग यांचा खेळ दुसऱ्याचा कसा?" ती हसली, पण पटलं नाही तिला. म्हणाली, "मंग दाखवा खेळून."

आता खरं सांगते, डी.एड.ला असताना आम्ही लेझीम शिकलो, खो-खो शिकलो, कवायत शिकलो. टेनिस नाही. ते मी शिकले नियमांचं पुस्तक वाचून, आणि शहरातल्या एका कोर्टाच्या कुंपणाबाहेर उभं राहून. पण पहिला धडा शिकवायला तेवढं पुरतं.

सुरुवात चेंडूपासूनच करू. टेनिसचा चेंडू म्हणजे रबराचा पोकळ गोळा. त्यावर लोकर आणि नायलॉनच्या लवेचं कापड चिकटवलेलं असतं. वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम. त्याची एक परीक्षाही असते. २५४ सेंटिमीटर, म्हणजे १०० इंच उंचीवरून कठीण जमिनीवर सोडला, तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा. आम्ही भिंतीवर खडूनं मापं आखली आणि ओट्यावर खुर्ची ठेवून ही परीक्षा घेतली. दुकानातून आणलेला नवा चेंडू नापास! क्रिकेट खेळून खेळून लव गेलेला, दाबला की आत जाणारा चेंडू तर गुडघ्यापर्यंतही आला नाही.

तुम्ही अशा चेंडूला काय म्हणता? ‘मेलेला’. आणि फेकून देता. पण टेनिस शिकायला हाच मेलेला चेंडू सोन्यासारखा बरं का! नव्या चेंडूत हवा दाबून भरलेली असते, म्हणून तो जोरात उसळतो. ती हवा हळूहळू निघून जाते आणि चेंडू मऊ पडतो. मऊ चेंडू कमी उसळतो, हळू येतो, आणि तुम्हाला त्याच्याजवळ पोचायला वेळ मिळतो. जगभर लहान मुलांना असंच शिकवतात. त्यांच्यासाठी लाल, नारिंगी आणि हिरव्या खुणेचे तीन चेंडू असतात. लाल सगळ्यांत संथ, मग नारिंगी, मग हिरवा. २०१२ पासून तर आंतरराष्ट्रीय नियमच आहे, की दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धेत मोठ्यांचा वेगवान पिवळा चेंडू वापरायचाच नाही.

आता मैदान. टेनिसच्या मैदानाला कोर्ट म्हणतात. ते २३.७७ मीटर लांब असतं. रुंदी एकेरीला ८.२३ मीटर आणि दुहेरीला १०.९७ मीटर. मधोमध जाळी. ती दोन टोकांना १.०७ मीटर उंच आणि मध्ये जरा खाली, ०.९१४ मीटर. हे आकडे विचित्र वाटतात ना? फुटात करून पाहा. ७८ फूट लांब, २७ किंवा ३६ फूट रुंद, जाळी मध्ये बरोबर ३ फूट. खेळ इंग्लंडातून आला, तो फुटांतच मोजलेला. आमच्या चौथीच्या मुलांनी सुतळी आणि मीटरपट्टी घेऊन पटांगण मोजलं. मोठं कोर्ट काही बसेना. कडुनिंब आडवा आला.

पण लहान मुलांचं, लाल चेंडूचं कोर्ट किती मोठं असतं? सुमारे ११ मीटर लांब आणि साडेपाच ते सहा मीटर रुंद. बस्स! म्हणजे मोठ्या कोर्टाची रुंदी ती लहानांच्या कोर्टाची लांबी. ते तर झाडाच्या अलीकडेच मावलं. चुना नव्हता, राखेनं रेघा ओढल्या. दोन बांबू रोवले, त्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि तिच्यावर एक जुनं लुगडं टाकलं. जमिनीपासून ८० सेंटिमीटर. झाली जाळी.

राहिली रॅकेट. एका पालकांच्या घरी सुतारकाम चाललं होतं. त्यांच्याकडून हलक्या फळीचे तुकडे आणले. पुढे ताटलीएवढी गोल पाटी आणि मागे मूठ, मिळून हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत आणि वर चार बोटं, एवढी लांबी. कडा कानशीनं घासून घेतल्या, म्हणजे कुसळं टोचत नाहीत. मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. धोपाटणं मात्र घेऊ नका हं! क्रिकेटला चालतं, इथं नाही. जड असतं, मनगट दुखतं.

आता चला, खेळायला उभे राहू.

पहिले दोन दिवस फळीसुद्धा बाजूला ठेवायची. नुसत्या तळहातानं खेळायचं. टेनिसचा पूर्वज फ्रान्समध्ये शेकडो वर्षांपूर्वी असाच खेळला जायचा. त्याचं फ्रेंच नावच मुळी ‘तळहाताचा खेळ’ असं आहे. चेंडू एक टप्पा पडू द्यायचा आणि तळहातानं समोरच्याकडे पोचवायचा. जोरात नाही, पोचवायचा. एकदा हे जमलं की लक्षात येतं, रॅकेट म्हणजे दुसरं काही नाही, लांब केलेला तळहात.

मग रॅकेट हातात घ्या. कशी धरायची? पाहुणे आले की हात मिळवतो ना, तशी. रॅकेटची कड जमिनीकडे ठेवा आणि मुठीशी हस्तांदोलन करा. तळहात जिकडे वळेल, रॅकेटचं तोंडही तिकडेच वळेल. म्हणून चेंडू आकाशात जात असेल तर दोष फळीला देऊ नका. मारताना तळहात वर पाहत होता का, ते आठवा.

उभं कसं राहायचं? कबड्डीत समोरचा चढाई करायला आला की तुम्ही कसे उभे राहता? पाय थोडे फाकलेले, गुडघे वाकलेले, टाचा हलक्या, नजर त्याच्यावर. अगदी तसंच. दोन्ही हातांनी रॅकेट पोटासमोर धरायची. समोरचा चेंडू मारायला लागला की जागच्या जागी एक छोटी उडी. या उडीनं पाय जागे होतात आणि उजवीकडे किंवा डावीकडे पटकन निघता येतं.

उजव्या हातानं खेळणाऱ्याच्या उजवीकडे चेंडू आला तर जो फटका मारायचा, त्याला फोरहँड म्हणतात. तळहात पुढे राहतो. आधी खांदा वळवा, म्हणजे डावा खांदा जाळीकडे येईल. रॅकेट मागे न्या. चेंडू टप्पा पडून वर येईल, मग कमरेच्या उंचीवर येईल. तेव्हा त्याला आपल्या शरीराच्या जरा पुढेच गाठा. रॅकेट खालून वर जाऊ द्या आणि मारल्यावर थांबवू नका, डाव्या खांद्यापर्यंत येऊ द्या. आमच्या मुलांना मी मंत्र दिला होता, "वळा, थांबा, पुढे गाठा, खांद्यावर ठेवा." त्यातलं ‘थांबा’ सगळ्यांत अवघड! क्रिकेटची सवय, दिसला चेंडू की हाणला.

डावीकडे चेंडू आला तर बॅकहँड. आता हाताची पाठ पुढे असते. सुरुवातीला दोन्ही हातांनी मूठ धरा, बळ मिळतं. डावखुऱ्या मुलांनी हे सगळं आरशात पाहिल्यासारखं उलट करायचं.

जाळीजवळ असताना टप्पा पडायच्या आतच चेंडू अडवला तर ती व्हॉली. तिथं रॅकेट मागे न्यायचीच नाही. भिंत उभी करावी तशी समोर धरायची, चेंडू आपला आपण परत जातो.

आणि खेळाची सुरुवात होते ती सर्व्हिसनं. मागच्या रेघेबाहेर उभं राहून चेंडू वर उडवायचा आणि जमिनीवर पडायच्या आत मारायचा. तो समोरच्या सरळ चौकोनात नव्हे, तिरक्या चौकोनात पडला पाहिजे. दोन संधी मिळतात. पहिली चुकली तर दुसरी असते, दोन्ही चुकल्या तर गुण समोरच्याचा. मारताना पाय रेघेवर पडला तरी ती चूकच. चेंडू जाळीला घासून बरोबर चौकोनात पडला, तर ती सर्व्हिस पुन्हा करायची. मोठे खेळाडू डोक्यावरून मारतात. तुम्ही आधी खालून, कमरेजवळून मारा. नियमात तीही चालते.

जोडीदार नसेल तर? भिंत आहे ना! शाळेची नाही तर घरामागची भिंत. तिच्यावर जमिनीपासून तीन फुटांवर कोळशानं आडवी रेघ ओढा. ती तुमची जाळी. चार-पाच पावलं मागे उभे राहा आणि रेघेच्या वर मारत राहा. भिंत कधी दमत नाही, कंटाळत नाही, आणि तुम्ही द्याल तेच परत करते.

आता गुण. टेनिसचे गुण ऐकले की नवखा माणूस गोंधळतो. शून्याला म्हणतात ‘लव्ह’. पहिला गुण १५, दुसरा ३०, तिसरा ४०, आणि चौथा मिळाला की एक गेम जिंकला. पण दोघंही ४० वर आले तर त्याला ‘ड्यूस’ म्हणतात. तिथून पुढे सलग दोन गुण मिळवावे लागतात. पहिला मिळाला की ‘अ‍ॅडव्हांटेज’. दुसरा हुकला की परत ड्यूस. असे सहा गेम आधी जिंकेल त्याचा एक सेट. पण इथंही दोनचा फरक हवा. दोघांचे सहा-सहा झाले की टायब्रेक, त्यात एक, दोन, तीन असे साधे गुण, आणि आधी सात करेल तो जिंकला, फरक पुन्हा दोनचा.

हे पाठ करत बसू नका. ऋतुजाताईच्या अंतिम सामन्याचा निकालच घेऊन बसा. समोर चिनी तैपेईची जोडी होती, लियांग एन-शुओ आणि हुआंग त्सुंग-हाओ. निकाल लागला २-६, ६-३, १०-४. म्हणजे पहिला सेट आपल्या जोडीनं गमावला, आणि तोही मोठ्या फरकानं. दुसरा जिंकला. दोघांचा एकेक सेट झाला, तेव्हा तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा मोठा टायब्रेक खेळवला. तो आपण १०-४ असा जिंकला.

माझ्या वर्गानं यातून एक गणित काढलं. पहिल्या दोन सेटमध्ये आपले गेम किती? २ आणि ६, मिळून ८. त्यांचे? ६ आणि ३, मिळून ९. म्हणजे टायब्रेक सुरू झाला तेव्हा एकूण हिशेबात ते पुढे होते! तरीही दोघांची पाटी सारखी, कोरी. कबड्डीत पहिल्या डावात वीस गुणांनी मागे पडलात, तर ते वीस शेवटपर्यंत मानगुटीवर बसतात. टेनिसमध्ये सेट संपला की तो संपला. पुढचा सेट शून्यापासून, दोघांनाही. या खेळात घड्याळही नाही. वेळ संपली म्हणून कुणी हरत नाही. शेवटचा गुण पडेपर्यंत मागचा माणूस पुढे येऊ शकतो.

आणखी एक नियम सांगते, मला तो सगळ्यांत आवडतो. मोठ्या स्पर्धांत रेघा पाहायला पंच असतात, यंत्रं असतात. पण पंच नसेल तेव्हा काय? आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच सांगायचं. रेघेला जरासा शिवला तरी तो आत. आणि आपल्याला नक्की दिसला नसेल, तर तो आतच धरायचा, म्हणजे गुण समोरच्याला द्यायचा. आमच्याकडे क्रिकेटमध्ये एका धावबादावरून दोन दिवस अबोला असतो. हा नियम सांगितल्यावर मुलं एकमेकांकडे बघतच राहिली. "म्हंजी आपल्या तोंडानं आपुन हरायचं?" एकानं विचारलं. हो, तसंच. पहिल्या आठवड्यात भांडणं झाली. नंतर राखेच्या रेघेवर चेंडूचा ठसा शोधायला दोन्हीकडची मुलं मिळून वाकायला लागली.

ओट्यावरच्या भिंतीवर आम्ही गेरूनं एक चौकोन आखला होता. त्यावर लिहिलं होतं, ‘सलग किती?’ दोघांनी मिळून चेंडू न चुकता किती वेळा इकडून तिकडे पोचवला, तो आकडा. इथं कुणी कुणाला हरवायचं नाही, दोघांनी मिळून आकडा वाढवायचा. "खेळ आपला न्हाई" म्हणणारी ती मुलगी आठवते ना? दिवाळीच्या आधी तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं त्या चौकोनात ४३ लिहिलं.

दिवाळी झाली आणि ती आई-वडिलांबरोबर उसतोडीला गेली. जाताना फळी मागून नेली. वर्गात तिची जागा रिकामी, भिंतीवर तिचा आकडा. थंडीभर मुलं ४३ च्या मागे लागली होती. ३६ झाले, ४० झाले, एकदा ४२ वर चेंडू लुगड्यात अडकला तेव्हा आख्खी शाळा हळहळली. फेब्रुवारीत कधीतरी ४७ झाले.

पाडव्याच्या सुमाराला ती परत आली. तुमच्यापैकी ज्यांना असं मधेच शाळा सोडून जावं लागतं, त्यांना ठाऊक असेल, परत आल्यावर वर्गाच्या दारात पाय अडखळतो. मुलं पुढे गेलेली असतात, आपल्याला काही येत नाही असं वाटतं. काही मुलं या लाजेनंच यायची थांबतात. ती मात्र धावत आली. आधी भिंतीपाशी गेली. ४७ पाहिलं. "कोणी केलं?" म्हणाली, आणि दप्तरातून फळी काढली. तिथं कारखान्यावर उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या फाळक्यावर ती रोज चेंडू मारायची म्हणे.

एका चेंडूनं तिचे बुडलेले महिने भरून निघाले, असं मी म्हणणार नाही. ते भरायला तिला आणि मला सगळा उन्हाळा लागला. भागाकार नव्यानं शिकवावा लागला. पण शिकवायला ती शाळेत आलेली होती. माझ्यासाठी ही गोष्ट सुवर्णपदकाहून लहान नाही.

आता तिच्या प्रश्नाकडे वळू. खेळ आपला की पैसेवाल्यांचा? अर्धं खरं आहे, मुलांनो. तारांची चांगली रॅकेट महाग असते. कोर्ट सगळीकडे नसतं. ऋतुजाताईचा जन्म श्रीरामपूरचा असला तरी तिचा खेळ घडला पुण्यात, आणि पुढे ती अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठात शिकली, तिथल्या संघाकडून खेळली. वर्षानुवर्षांचा सराव, प्रवास, मार्गदर्शक, यांना पैसा लागतो. फळी आणि लुगड्यावर कुणी आशियाई स्पर्धेत पोचत नाही. खोटी आशा मी तुम्हाला दाखवणार नाही.

पण दुसरी बाजूही पाहा. आजचं टेनिस इंग्लंडात १८७४ च्या सुमाराला आकाराला आलं आणि विम्बल्डनची पहिली स्पर्धा १८७७ साली झाली. पुढे साठ वर्षांच्या आतच, १९३४ साली, मुंबईची लीला राव विम्बल्डनमध्ये सामना जिंकली. तिथं सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिची आई पंडिता क्षमाबाई राव, जन्म पुण्याचा, १८९० सालचा. संस्कृतच्या मोठ्या विदुषी. तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांची चरित्रं त्यांनी संस्कृतात लिहिली. आणि त्याही टेनिस खेळत बरं का! ज्या ज्ञानेश्वरांनी आमच्या जिल्ह्यातल्या नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, त्यांचं चरित्र लिहिणारा हात रॅकेटही धरत होता. ती मंडळी सुखवस्तू होती, हे खरं. पण मुलींनी मैदानावर जायचंच नाही अशा काळात त्या गेल्या. खेळ कुणाचा, हे आधी कुठे लिहून ठेवलेलं नसतं. जो खेळायला लागतो, त्याचा तो होतो.

मग, कधी सुरू करताय? तुम्हाला चार पायऱ्या देते. पहिली, मऊ चेंडू तळहातावर सलग वीस वेळा उडवायचा. दुसरी, फळीवर वीस वेळा. तिसरी, भिंतीवरच्या रेघेच्या वर वीस वेळा, प्रत्येक वेळी एकच टप्पा. चौथी, मित्राबरोबर दोरीवरून सलग वीस वेळा. एक पायरी झाल्याशिवाय दुसरी चढायची नाही. आणि गाडीरस्त्याच्या कडेला खेळायचं नाही, चेंडूमागे धावताना कुणाला भान राहत नाही.

वीस झाले की थांबू नका. तुमच्या शाळेच्या भिंतीवरही गुरुजींना विचारून एक चौकोन आखा आणि आकडा लिहा. मग तो पोस्टकार्डावर या साप्ताहिकाकडे कळवा. आमच्या शाळेचा आकडा सध्या ६१ आहे. मोडून दाखवा!